मोठेपणी क्लिअर अलायनर लावताय? पहिल्या तपासणीपासून रिटेनरपर्यंत नक्की काय काय होतं

तिशी-चाळिशीत किंवा त्याहून पुढे दात सरळ करून घ्यायचे म्हटलं की बहुतेकांना आधी दोनच प्रश्न पडतात, दिसेल का आणि दुखेल का. दोन्ही बरोबरच आहेत, पण ही ट्रीटमेंट यशस्वी होते का नाही ते ठरतं तिसऱ्याच गोष्टीवर, की दिवसातले किती तास अलायनर, म्हणजे दातांवर बसणारा पारदर्शक प्लास्टिकचा ट्रे, खरोखर तोंडात असतो. तारा म्हणजे ब्रेसेस दाताला चिकटवलेल्या असतात, तुमचं लक्ष नसलं तरी त्यांचं काम चालू राहतं. अलायनर डबीत गेला की काम थांबलं. म्हणून पैसे भरायच्या आधीच सगळं नीट माहीत असलेलं बरं.

दात सरकतो कसा

दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा. अलायनरचा आकार तुमचे दात आत्ता जसे आहेत तसा नसतो, पुढच्या टप्प्याला जिथे जायला हवेत तसा असतो, त्यामुळे तो घातला की दातांवर हलका दाब येतो. ज्या बाजूला दाब येतो तिथलं हाड शरीर हळूहळू काढून टाकतं आणि ज्या बाजूला ताण पडतो तिथे नवीन हाड भरतं. हे सगळं जिवंत पेशींचं काम आहे, त्याला वेळ लागतो आणि दाब सलग मिळावा लागतो. एका ट्रेमागे एखादा दात जास्तीत जास्त साधारण ०.२५ मिमी सरकवतात. म्हणूनच ट्रे एवढे असतात. थोडीशी फट किंवा थोडे वाकडे दात असतील तर काही महिन्यात होतं, नाहीतर दीड-दोन वर्षं धरून चालायचं.

मोठ्या माणसांच्या बाबतीत एक फरक आहे. लहान मुलांमध्ये जबडा वाढत असतो, त्या वाढीचा उपयोग करून घेता येतो. आपली वाढ थांबलेली असते. त्यामुळे दात हलतील, पण खालचा जबडाच मुळात खूप पुढे किंवा मागे असेल तर नुसत्या अलायनरने तो जागेवर येत नाही, तिथे जबड्याच्या ऑपरेशनचा विषय निघू शकतो. असं कोणी सांगितलं तर घाबरून दुसऱ्या "सगळं होईल" म्हणणाऱ्याकडे पळू नका, खरं सांगणारा डॉक्टर मिळाला आहे असं समजा.

डॉक्टर कोण, हा सगळ्यात मोठा निर्णय

ब्रँड कुठला घ्यायचा यावर लोक आठवडे घालवतात आणि डॉक्टर मात्र घराजवळचा कोणीही चालतो. माझ्या मते हे उलटं असायला हवं. प्लास्टिकचे ट्रे हे फक्त हत्यार आहे, दात कुठल्या क्रमाने हलवायचे, कुठे जागा करायची, काय अजिबात करायचं नाही हे ठरवणारं माणूस महत्त्वाचं. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणजे डेंटिस्टची डिग्री झाल्यावर दात सरकवण्याचंच वेगळं शिक्षण घेतलेला डॉक्टर. साधी केस असेल तर अनुभवी जनरल डेंटिस्टही चांगलं करतात, पण चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, बिघडलेला असेल, दात काढलेले असतील, आधी कधी तारा लावून दात परत वाकडे झालेले असतील तर ऑर्थोडॉन्टिस्टकडेच जा, आणि शक्य असेल तर दोघांचं मत घ्या.

घरबसल्या साचा पाठवा आणि ट्रे पोस्टाने मिळवा, या प्रकाराबद्दल स्पष्टच सांगते. एक्स-रे न काढता, हिरड्या न तपासता दात हलवणं धोक्याचं आहे, कारण मुळांभोवती हाड किती शिल्लक आहे हे फोटोत दिसत नाही. शिवाय मध्येच काही झालं तर दाखवायचं कोणाला? अमेरिकेतली स्माइल डायरेक्ट क्लब ही या प्रकारातली खूप मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि ट्रीटमेंट चालू असलेले लोक अर्ध्यावर लटकले. समोर बसून तोंड उघडून बघणारा डॉक्टर असणं ही चैन नाही, गरज आहे.

सुरू करण्याआधीची साफसफाई

पहिल्या व्हिजिटला ट्रे मिळत नाहीत, आधी तोंड तयार करावं लागतं. किडलेले दात भरून घ्यायचे, स्केलिंग म्हणजे दातांवर साचलेला थर काढून घ्यायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिरड्यांची तपासणी. डॉक्टर एक बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत सरकवून खोली मोजतात, थोडं टोचतं. हिरड्यांचा आजार चालू असताना दात सरकवले तर हाड अजून कमी होऊ शकतं, दात हलायला लागू शकतात. आधी तो आटोक्यात आणायचा, मग अलायनर. यात दोन-तीन महिने गेले तरी हरकत नाही, चिडचिड करू नका.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगायच्या गोष्टी: डायबेटिस, सिगारेट किंवा तंबाखू, हाडं ठिसूळ झाल्यामुळे चालू असलेली औषधं (यातली काही औषधं हाडाच्या कामावरच परिणाम करतात, त्यामुळे हे लपवणं महागात पडेल), गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते, रात्री दात खाण्याची सवय, जबड्याच्या सांध्यात कटकट आवाज किंवा दुखणं. तोंडात इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेला कृत्रिम दात, असेल तर तो हाडाशी एकजीव झालेला असतो, तो जागचा हलत नाही, बाकीचे दात त्याच्याभोवती बसवावे लागतात. इम्प्लांट अजून बसवायचा असेल तर साधारणपणे आधी दात सरकवून मग तो बसवतात, म्हणून घाई करू नका, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या. कॅप असलेले दात हलवता येतात, ब्रिज (एकमेकांना जोडलेल्या कॅप) असेल तर मात्र जोडलेले दात वेगवेगळे हलत नाहीत.

स्कॅन आणि तो मोहात पाडणारा व्हिडिओ

एक्स-रे होतो, बहुतेक वेळा पूर्ण जबड्याचा ओपीजी आणि बाजूने डोक्याचा एक. फोटो काढतात, ओठ ओढून धरायचे प्लास्टिकचे क्लिप लावून, ते जरा अवघड वाटतं. पूर्वी साच्यासाठी तोंडात लगदा भरायचे आणि उलटीसारखं व्हायचं, आता बऱ्याच ठिकाणी छोटा कॅमेऱ्यासारखा स्कॅनर दातांवरून फिरवतात आणि स्क्रीनवर तुमचे दात उमटत जातात. दुखत अजिबात नाही.

टप्प्याटप्प्याने साचे बनवून दात हलवायची कल्पना तशी जुनी आहे, १९४५ मध्ये हॅरोल्ड केसलिंग या ऑर्थोडॉन्टिस्टने रबराचं असं साधन मांडलं होतं, पण त्यासाठी मॉडेलमधले दात हाताने कापून वेगळे करून नव्या जागी मेणात बसवावे लागायचे. इन्व्हिजलाइन हा अलायनरचा ब्रँड बनवणारी अलाइन टेक्नॉलॉजी १९९७ मध्ये सुरू झाली आणि हे सगळं कॉम्प्युटरवर आलं, तेव्हा कुठे एकाच स्कॅनवरून पूर्ण मालिका बनवणं जमायला लागलं.

स्कॅननंतर तुम्हाला व्हिडिओ दाखवतात, वाकडे दात सरसर सरळ होताना. बघून फार छान वाटतं आणि नेमकं तेव्हाच सही करायची घाई होते. थांबा. तो व्हिडिओ म्हणजे कॉम्प्युटरचा अंदाज आहे, दात कुठे जावेत याचा, कुठे जातीलच याची खात्री नाही. काही हालचाली अलायनरने चांगल्या होतात, जसं की थोडी गर्दी सोडवणं, पुढच्या फटी बंद करणं, कलंडलेला दात उभा करणं. काही अवघड जातात: सुळा आणि त्याच्यामागच्या गोलसर दाताला स्वतःभोवती फिरवणं, दात हाडातून बाहेर खेचणं, दाढेच्या पुढचा दात काढून झालेली मोठी जागा मुळासकट बंद करणं. तुमच्या केसमध्ये यातलं काय आहे ते स्पष्ट विचारा. आणि हेही विचारून घ्या: एकूण ट्रे किती, दर किती दिवसांनी बदलायचे, अटॅचमेंट (दातावर चिकटवायचे छोटे उंचवटे) कुठल्या दातांवर, दातांमध्ये घासून जागा करणार का, वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणायचे रबर लावायला लागतील का, शेवटी दात नीट बसले नाहीत तर जादा ट्रेचे पैसे वेगळे का त्यातच, ट्रे हरवला तर काय, रिटेनर (ट्रीटमेंटनंतर दात नव्या जागी धरून ठेवणारं साधन) पॅकेजमध्ये आहेत का. हे सगळं लिहून मागा. शेवटच्या तीन गोष्टींवरच सगळ्यात जास्त वाद होतात.

अटॅचमेंट बसवायचा दिवस

याची बऱ्याच जणांना कल्पनाच नसते, त्यामुळे जरा सविस्तर. नुसतं गुळगुळीत प्लास्टिक दाताला सगळ्या दिशांनी पकडू शकत नाही, म्हणून ठरावीक दातांवर दाताच्याच रंगाच्या फिलिंगचे छोटे उंचवटे चिकटवतात, त्यांना अटॅचमेंट म्हणतात. आधी दात घासून पुसतात, ओठ आणि गाल बाजूला धरायला प्लास्टिकची फ्रेम लावतात, मग दातावर निळसर आंबट जेल लावून थोड्या वेळाने पाण्याने धुतात, त्याची चव जिभेवर आली तर कडवट-आंबट लागते. दात हवा मारून इतका कोरडा करतात की तो खडूसारखा पांढरा दिसतो. मग अटॅचमेंटचे खळगे असलेला एक पातळ ट्रे त्यात फिलिंग भरून दातांवर दाबतात आणि एकेका दातावर निळा लाइट धरतात, बीप, पुढचा दात, बीप. टोचणं नाही, इंजेक्शन नाही, फक्त तोंड उघडं ठेवून जबडा अवघडतो. संपल्यावर जीभ फिरवली की दातांवर खडबडीत टोकं लागतात आणि पहिले काही तास जीभ सारखी तिकडेच जाते. समोरच्या दातांवर असतील तर जवळून बघणाऱ्याला दिसतात. "कोणाला कळणारच नाही" हे जाहिरातीतलं वाक्य तिथे थोडं कमी करून घ्या.

त्याच दिवशी किंवा नंतर आयपीआर होऊ शकतं, म्हणजे दोन दातांच्या मधे बारीक पट्टीने किंवा चकतीने घासून जागा करणं. ऐकून लोकांना धसका बसतो. दोन दातांच्या मधे मिळून साधारण ०.२ ते ०.५ मिमी एवढंच घासतात, फक्त इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातलं, जिथे नसा नसतात, त्यामुळे भूल द्यायला लागत नाही. आवाज आणि कंप विचित्र वाटतो. पण इनॅमल परत उगवत नाही, म्हणून किती आणि कुठे घासणार हे आधी माहीत असायलाच हवं.

मग ट्रे कसा घालायचा-काढायचा ते शिकवतात. क्लिनिकमधून निघायच्या आधी आरशासमोर स्वतः निदान दोन-तीनदा काढून-घालून दाखवा, कितीही घाई असली तरी. मागच्या दाढेपासून सुरू करायचं, आतल्या बाजूने, म्हणजे जिभेकडून बोटाचं टोक कडेखाली घालायचं, आधी एक बाजू सैल करायची, मग दुसरी, आणि शेवटी पुढून. पुढूनच ओढला तर ट्रेला चीर जाते. नखं तुटत असतील तर काढायला छोटं प्लास्टिकचं हुक मिळतं, ते पहिल्या दिवसापासून वापरा.

पहिला आठवडा

दुखतं, पण सुई टोचल्यासारखं नाही, दाब बसल्यासारखं, आणि चावताना जास्त जाणवतं. नवीन ट्रेचे पहिले दोन-तीन दिवस हे होतं, मग कमी होतं. ट्रे रात्री झोपायच्या आधी बदलायचा म्हणजे सगळ्यात जास्त दाबाचे तास झोपेत जातात. गोळी लागली तर कुठली घ्यायची हे डॉक्टरांनाच विचारा, कारण सूज कमी करणाऱ्या काही गोळ्या खूप दिवस घेतल्या तर दात सरकण्याचा वेग कमी होऊ शकतो असं मानतात. पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते, नाहीतर तोंड कोरडं पडतं. "स", "श", "च" बोलताना जीभ अडखळते, त्यावर उपाय एकच, मोठ्याने वाचा. फोनवर बोला, वर्तमानपत्र वाचा, काहीही चालेल, गप्प बसून राहिलात तर सवय व्हायला वेळ लागतो. कड गालाला किंवा जिभेला घासत असेल तर बारीक नेल फाइलने ती जागा हलकेच घासा, फार नाही. दात थोडे हलल्यासारखे वाटतील, तेही अपेक्षित आहे. पण एकच दात खूप हलतोय, ठणकतोय किंवा हिरडीतून पू येतोय असं असेल तर थांबू नका, लगेच दाखवा.

तासांचा हिशोब

२० ते २२ तास. म्हणजे खाणं, पिणं, ब्रश करणं सगळं मिळून दिवसाला दोन, फार तर चार तास हातात राहतात. ऐकायला सोपं वाटतं. पण सावकाश जेवणारा माणूस दोन जेवणांतच दीड तास घालवतो, त्यात नाश्ता, दोन कप चहा आणि मधेच तोंडात टाकलेलं काहीतरी धरलं की संपलं. म्हणून सुरू करायच्या आधी एक आठवडा नुसतं बघा, तुम्ही दिवसातून किती वेळा तोंडात काही टाकता. ज्यांना दर तासाला घोट घोट चहा-कॉफी लागते त्यांना हा बदल सगळ्यात जड जातो. ट्रे घालून फक्त साधं पाणी प्यायचं. गरम पेयाने प्लास्टिक वाकतं, रंगीत पेयाने पिवळं पडतं, आणि गोड पेय ट्रेच्या आत अडकून राहतं जिथे लाळ पोचतच नाही, म्हणजे दातांना तासन्‌तास साखरेची अंघोळ. अलायनर असताना दात किडतात ते बहुतेक असेच.

खाल्ल्यावर ब्रश करून ट्रे घालायचा. बाहेर असाल आणि ब्रश नसेल तर खळखळून चूळ भरा, ट्रे धुवा आणि घाला, घरी गेल्यावर नीट घासा. ब्रश नाही म्हणून चार तास ट्रे बाहेर ठेवणं हे जास्त वाईट. फ्लॉस रोज एकदा तरी. ट्रे साध्या किंवा कोमट पाण्याखाली मऊ ब्रशने घासायचा, टूथपेस्ट लावली तर बारीक ओरखडे पडतात आणि तिथे घाण साचून वास येतो. उकळतं पाणी कधीच नाही, आकार गेला की ट्रे वाया.

प्रत्येक वेळी घातल्यावर चुईज चावायचं, म्हणजे बोटाएवढी मऊ रबरी नळकांडी मिळते ती. दाताच्या टोकाशी आणि ट्रेच्या मधे हवेची पोकळी राहिली असेल तर ती अशी चावून चावून बसते. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि डबी! ट्रे हरवण्याची सगळ्यात जास्त घडणारी गोष्ट म्हणजे जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवणं, मग ते टिश्यू उचलून कचऱ्यात जातं. घरात पाळलेला कुत्रा असेल तर त्यालाही ट्रे चावायला भारी आवडतो. ट्रे एकतर तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही.

मधल्या महिन्यांत

साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उत्साह ओसरतो, फरक अजून डोळ्यात भरत नाही आणि कंटाळा येतो. तेव्हाच तास कमी व्हायला लागतात. दर महिन्याला एकाच जागी, एकाच उजेडात दातांचा फोटो काढा, मागे वळून बघताना खूप धीर येतो.

ट्रे दातांवर पूर्ण बसतोय ना हे दर वेळी आरशात बघायचं. एखाद्या दाताच्या टोकाशी सतत फट दिसत असेल तर तो दात मागे राहिलाय, याला ट्रॅकिंग बिघडलं म्हणतात. तेव्हा ठरलेली तारीख आली म्हणून पुढचा ट्रे घालू नका, चालू ट्रेवरच आणखी काही दिवस काढा, चुईज वाढवा आणि डॉक्टरांना फोटो पाठवा. पुढचा ट्रे जबरदस्तीने घातल्याने दात पळत येत नाही, फट अजून वाढते. ट्रे हरवला किंवा तुटला तरी आधी फोन. कधी मागचा घालायला सांगतात, कधी थेट पुढचा, ते किती दिवस झालेत यावर ठरतं, म्हणून मागचा एक ट्रे कायम धुऊन जपून ठेवा आणि प्रवासात मागचा आणि पुढचा दोन्ही बरोबर न्या. अटॅचमेंट पडली तर दुखत नाही, पण कळवा, परत बसवून घ्यायला लागते.

मालिका संपली की बहुतेकांचं पुन्हा एकदा स्कॅन होतं आणि जादा ट्रे येतात, त्याला रिफाइनमेंट म्हणतात. हे अपयश नाही, मोठ्या माणसांच्या अर्ध्याहून जास्त केसमध्ये असं होणं धरूनच चाललेलं असतं. पण मनाची तयारी नसली की फार हिरमोड होतो, म्हणून सुरुवातीला सांगितलेल्या मुदतीत आधीच काही महिने वाढवून धरा.

शेवटाला दिसणाऱ्या दोन गोष्टी

एक म्हणजे काळे त्रिकोण. वाकडे दात सरळ झाले की त्यांच्यामध्ये हिरडीजवळ छोटी काळी जागा दिसू शकते, कारण मोठ्या वयात तिथली हिरडी पूर्ण भरलेली नसते आणि एकमेकांवर चढलेल्या दातांमुळे ती झाकलेली होती. थोडं घासून किंवा फिलिंग लावून ती कमी करता येते. ही शक्यता डॉक्टरांनी आधीच सांगायला हवी, नाही सांगितली तर तुम्ही विचारा. दुसरी, मागच्या दाढा एकमेकांना नीट टेकत नाहीत असं वाटणं. दोन्ही जबड्यांवर महिनोन्‌महिने प्लास्टिक चावत राहिल्याने असं होऊ शकतं, बऱ्याचदा ट्रेचे तास कमी केले की दाढा आपोआप बसतात, पण डॉक्टरांना न सांगता ट्रीटमेंट संपली असं म्हणून निघून येऊ नका.

अटॅचमेंट काढताना मशीनने घासून पॉलिश करतात, दात परत गुळगुळीत लागायला लागतात.

रिटेनर

दात नव्या जागी आले तरी भोवतीचं हाड आणि हिरडीतले तंतू लगेच स्थिरावत नाहीत, ते दातांना जुन्या जागेकडे ओढत राहतात. शिवाय वयानुसार दात तसेही थोडे थोडे पुढे सरकतच असतात, विशेषतः खालचे पुढचे. म्हणून सुरुवातीचे काही महिने रिटेनर जवळजवळ पूर्ण वेळ आणि मग रात्री, कायमचं. काही डॉक्टर दातांच्या मागून बारीक तार चिकटवतात, ती दिसत नाही आणि विसरताही येत नाही, पण तिच्याखाली फ्लॉस करणं किचकट असतं आणि ती एका दातावरून सुटली तर कळतही नाही, तो दात हळूच फिरतो. बरेच जण तार आणि रात्रीचा ट्रे दोन्ही ठेवतात, मला ते सगळ्यात सुरक्षित वाटतं. काढता येणारा रिटेनर काही वर्षांनी झिजतो किंवा तडकतो, म्हणून शेवटच्या स्कॅनची फाइल मागून स्वतःकडे ठेवा, म्हणजे नवीन बनवायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि रिटेनर एखाद्या रात्री घट्ट लागला तर दात हललेत असं समजायचं, तो पूर्ण बसत असेल तर काही दिवस जास्त तास घालायचा, बसतच नसेल तर जोर न लावता त्याच आठवड्यात क्लिनिक गाठायचं.